वाँटेजची पत्रे आणि समुपदेशकाची खोली

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे एक तर आरतीच्या सुरात आहे, नाही तर 'केसरी'ने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लावलेल्या सुरात. दोन्ही सुरांना कागदपत्रांची फारशी गरज लागत नाही. म्हणूनच की काय, रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे इंग्रजी पुस्तक आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती पडले असावे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी ही पत्रे गोळा केली, अ. भि. शहा यांनी संपादन केले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ते छापले. सरकारी छपाईचे सगळे गुण-अवगुण त्यात आहेत. या वर्षी ते मी दुसऱ्यांदा वाचले, आणि खरे सांगायचे तर वाचताना डोक्यात एकोणिसावे शतक कमी आणि आपले शुगर लँड जास्त होते.

त्याचे कारण सांगतो. आपल्या गावातला साखर कारखाना २००३ साली बंद पडला आणि साखर नावापुरती उरली. पण हायवे सिक्सवरून दहा मिनिटे गाडी हाकली तर चर्चे किती लागतात ते मोजून पाहावे. त्यांच्या आसपास आणि विमा कंपनीच्या याद्यांत समुपदेशकांची नावे असतात, आणि त्यांतल्या काहींपुढे 'ख्रिश्चन कौन्सेलिंग' असे लिहिलेले असते. आपली मंडळीही तिथे जातात. धर्मासाठी नव्हे, संध्याकाळची वेळ मिळते, ऑफिस जवळ असते, विम्यात बसते. कुणाचा संसार उसवलेला असतो, कुणाचा मुलगा सेमिस्टर अर्धवट टाकून घरी येऊन खोलीत बसलेला असतो. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत समोरची व्यक्ती हळूच म्हणते, आपण मिळून प्रार्थना करू या का? अशाच एका बाईंनी मला विचारले, "तुम्ही त्यांच्यातले, म्हणून विचारते. नाही म्हटले तर तिला वाईट वाटेल. आणि हो म्हटले तर मी नक्की काय कबूल केले?"

मी 'त्यांच्यातला' म्हणजे नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला. प्रार्थना हा माझ्या घरी भाकरीसारखा रोजचा पदार्थ. समुपदेशनाचे शिक्षण मात्र मला नाही. माझे आयुष्य पाइपांच्या जाड्या मोजण्यात गेले. पण बाईंचा प्रश्न माझ्या मते आपल्या मराठी माणसांना नवा नाही. तो वाँटेजला पूर्ण विचारून झालेला आहे, आणि त्याची उत्तरेही, बरी आणि वाईट दोन्ही, त्या पुस्तकात आहेत.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ १८८० साली गेला, नवरा १८८२ च्या फेब्रुवारीत. कडेवर मनोरमा. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण कानांनी साथ सोडली. आजच्या कुठल्याही समुपदेशकाने हा तपशील फॉर्मवर वाचला असता तर पेन खाली ठेवले असते. आपण ख्रिस्ती होणार नाही असे सांगून त्या निघाल्या होत्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्या बाप्तिस्म्याच्या आधी एक मृत्यू आहे. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाच्या एक मराठी बाई वाँटेजला गेल्या होत्या. त्यांनी तिथे विष घेतले. मॅक्स म्युलर यांनी लिहून ठेवले आहे की आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भीतीने त्यांना पछाडले होते, आणि त्या भरात एका रात्री त्यांनी आधी रमाबाईंचाच गळा दाबायचा प्रयत्न केला. बळजबरी कुणी करत नव्हते असे मठाच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते खरेही असेल. पण परक्या देशात, परक्याच्या अन्नावर, परक्याच्या छताखाली राहणाऱ्या माणसाला प्रेमळ आग्रह आणि बळजबरी यांतला फरक किती दिसतो? आनंदीबाईंची बाजू आनंदीबाईंच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेली नाही. रमाबाईंवर लिहिणारे बहुतेक लेखक हा प्रसंग एका वाक्यात उरकतात आणि बाप्तिस्म्याकडे वळतात. मला ते बरोबर वाटत नाही. या सगळ्या विषयाची सुरुवातच तिथे आहे. माणूस इतका घाबरलेला असताना त्याच्यापुढे कोणते शास्त्र धरले यापेक्षा, त्याला भीती कसली वाटते हे कुणी विचारले का, हा प्रश्न पहिला. आज या देशात ९८८ हा आकडा फिरवला की रात्री-अपरात्री तेवढे विचारणारा माणूस तरी मिळतो. २०२२ सालापासून ही सोय आहे, आणि ती आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी.

आता पत्रांकडे. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक आई म्हणवल्या जात; पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हटलेले आहे, आणि त्या एका मराठी शब्दात जी माया आहे ती खोटी नाही. नेमके म्हणूनच ही पत्रे वाचवत नाहीत. रमाबाई त्रैक्याबद्दल विचारतात, ख्रिस्ताच्या जन्माच्या चमत्काराबद्दल विचारतात, हे बायबलात कुठे आहे ते दाखवा म्हणतात. आजीबाई उत्तर देतात ते प्रश्नाला नव्हे, प्रश्न विचारणारीला. तुझा अहंकार, तुझा हट्ट, तुझी आज्ञा न पाळण्याची वृत्ती. रमाबाई अंडी घातलेले गोड पदार्थ खात नाहीत, यात त्यांना जातीचा ताठा दिसतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे रमाबाई विचारतात. तेही नम्रतेच्या हिशेबात कमी पडते. मनोरमेला काय शिकवायचे हे आई ठरवील, यावरून तर दोघींत चांगलीच जुंपते. मुलांना शाळेत काय शिकवतात याचा धसका घेतलेल्या इथल्या आईबापांनी ती पत्रे जरूर पाहावीत.

या पत्रव्यवहारात शास्त्राचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. वचन येते, पण बोलणे संपवायला येते. दुखणे सांगणाऱ्याने तोंड उघडले की समोरून अध्याय आणि ओवी यावी आणि त्याने गप्प व्हावे, कारण यापुढे बोलला तर तो सल्लागाराशी नव्हे, देवाशी भांडतो असा अर्थ होईल. रमाबाईंनी हे ओळखले. १८८५ सालच्या मे महिन्यातल्या पत्रात त्यांनी साफ लिहिले की भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा समजून तसलेच दुसरे जोखड घ्यायची आपली तयारी नाही. या पत्राची वाहवा सगळ्यांनी केली आहे. राष्ट्रीय बाण्याच्या लेखकांनी ते गोऱ्यांना दिलेले सडेतोड उत्तर म्हणून वाचले, स्त्रीवादी अभ्यासकांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून. दोन्ही वाचने चुकीची नाहीत. पण ते पत्र लिहिणारी बाई ख्रिस्त सोडायला निघालेली नव्हती. उलट तिला त्याच्याकडे जायचे होते आणि वाटेत आजीबाई उभ्या होत्या, हे दोघांच्याही हातून निसटते.

त्याच मठाने त्याच पुस्तकाचा दुसरा वापरही केला होता. रमाबाईंनी तो १९०७ सालच्या आपल्या साक्षीत सांगितला आहे. इंग्लंडमध्ये असताना त्यांना फुलहॅम येथे मठाच्या भगिनी 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालवत असलेले घर पाहायला नेले. तिथली माया पाहून त्या चकित झाल्या. अशा बायकांशी इतक्या आपुलकीने वागणारे लोक त्यांनी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनीच विचारले. तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवली आणि समजावून सांगितली. आणि हा प्रसंग रमाबाईंना चोवीस वर्षांनी आठवत होता.

ही भगिनी जेराल्डीनपेक्षा जास्त विद्वान होती असे मानायला आधार नाही, जास्त प्रेमळ होती असेही नाही. फरक क्रमाचा आहे. आधी कृती डोळ्यांना दिसली, मग प्रश्न रमाबाईंच्या तोंडून आला, आणि मग गोष्ट वाचली गेली. शिवाय गोष्टच कशी निवडली पाहा. त्या अध्यायात ख्रिस्त त्या बाईकडे प्रथम पाणी मागतो. सल्ला देणाराच आधी मागणारा होतो. मी ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन, पण ती समुपदेशनाच्या पहिल्या भेटीचे वर्णन म्हणून वाचायला मला रमाबाईंनी शिकवले.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिआ बील यांची पत्रे या पुस्तकात आजीबाईंच्या पत्रांशेजारी पडलेली आहेत, आणि संपादनाचा सगळ्यात मोठा फायदा तोच. बील बाई रमाबाईंच्या शंकेला पाप समजत नाहीत. ही मुलगी शास्त्र्याची आहे, तत्त्वज्ञानाच्या वाटेने आल्याशिवाय हिला धर्म पचणार नाही, केवळ इतिहास म्हणून सांगितलेला हिला पुरणार नाही, अशी रदबदली त्या वरच्या मंडळींकडे करतात. त्या स्वतः पक्क्या ख्रिस्ती. रमाबाईंचे मन आपल्याकडे वळावे अशी त्यांचीही इच्छा असणारच. पण शंका ही त्यांच्या लेखी संभाषण पुढे नेणारी गोष्ट आहे. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी रमाबाईंनी पुरुषांना शिकवण्यावर आक्षेप घेतला त्या वेळची पत्रेही मजेदार आहेत, पण तो विषय वेगळा. असो.

आता जे दोष इंग्लंडमध्ये रमाबाईंच्या वाट्याला आले, तेच त्यांनी स्वतः पुढे केले का? टीकाकाराने हा प्रश्न टाळू नये. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, आणि अट अशी की शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कुणाला बोलावले नाही. पण माझ्या घरात माझ्या देवाचे नाव दार लावून घेण्याची सक्ती मला नको.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणून थोडे अडखळायला होते. हिंदू मुलींना आपापल्या देवांची पूजा करायची मुभा होती, ही रमाबाईंच्या बाजूची जमेची गोष्ट. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले आणि ती शेवटपर्यंत हिंदूच राहिली. दार उघडे होते ते दोन्ही बाजूंनी उघडे होते, याचा हा चालताबोलता पुरावा. पण उघडे दार हे तटस्थ नसते. केशवपन झालेली बारा-चौदा वर्षांची मुलगी, जगात जायला दुसरी जागा नाही, आणि जिने जेवायला घातले, साडी दिली, अक्षर दिले, ती बाई रोज पहाटे डोळे मिटून कुणाशी तरी बोलते. त्या मुलीने आत येऊन बसणे हे संमतीचे कृत्य आहे की कृतज्ञतेचे? रानडे-भांडारकर नुसते सनातन्यांच्या भीतीने बाहेर पडले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे; हा प्रश्न त्यांच्या मनात असावा असे मला वाटते. आणि रमाबाईंना तो पडायला हवा होता, कारण आनंदीबाई भगत त्यांनी पाहिल्या होत्या.

आजच्या समुपदेशनाच्या जगाने या प्रश्नाला दिलेले उत्तर कोरडे आहे, पण चांगले आहे: आधी विचारा. अमेरिकेतल्या ख्रिस्ती समुपदेशकांची जी मोठी संघटना आहे, तिची आचारसंहितासुद्धा असेच सांगते की समोरच्याला प्रार्थना किंवा शास्त्रवाचन हवेच आहे असे गृहीत धरू नये, त्याची संमती घ्यावी. समुपदेशकांच्या सर्वसाधारण संघटनेचा नियम तर आपली मूल्ये दुसऱ्यावर लादू नका असाच आहे. आपल्या लोकांनी एक भेद लक्षात ठेवावा. चर्चमध्ये पाळक जे समुपदेशन करतो त्याला टेक्सास राज्याचा परवाना लागत नाही. भिंतीवर परवाना टांगून बसलेला समुपदेशक मात्र, ख्रिस्ती असो वा कुणी, त्या परवान्याच्या नियमांनी बांधलेला असतो. तुम्ही कुणासमोर बसला आहात हे पहिल्याच दिवशी विचारायला लाजू नये. त्या बाईंना मी हेच सांगितले, आणि आणखी एक: प्रार्थनेला 'आज नको' म्हणण्याने चांगल्या समुपदेशकाचे काही बिघडत नाही, आणि ज्याचे बिघडते त्याच्याकडे न गेलेले बरे. उलट तुम्हाला हवी असेल तर 'हो' म्हणण्यातही काही कबूल होत नाही. दुसऱ्याने आपल्यासाठी देवाजवळ बोलणे हे काही खरेदीखत नव्हे.

नियमांनी सगळे भागत नाही हेही खरे. जे ॲडम्स यांच्या १९७० सालच्या 'कॉम्पिटंट टू कौन्सेल' या पुस्तकापासून इथल्या चर्चमध्ये असा एक पंथच आहे की माणसाच्या मनाच्या बहुतेक दुखण्यांना बायबल पुरेसे आहे आणि मुळाशी बहुधा पाप असते. ते दाखवून द्यावे, बोध करावा. या पंथाच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की ते माणसाला जबाबदार समजतात, नुसता रोगी समजत नाहीत. पण बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या बाईला पाप शोधायला लावणे हे जेराल्डीनच्या पुढचे पाऊल आहे. याच्या उलट टोकाला, कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीचे सियांग-यांग टॅन यांनी मांडलेला भेद मला उपयोगी वाटतो. समुपदेशकाची श्रद्धा अव्यक्त राहूनही कामात असू शकते, म्हणजे तो मनातल्या मनात प्रार्थना करील आणि तोंडाने फक्त ऐकेल. किंवा ती व्यक्त होऊ शकते, पण समोरच्याच्या इच्छेने आणि पेलेल तेवढीच. यात चोरटेपणा नाही. आमच्या नगरच्या घरी आजारी माणसाजवळ बसलेल्या म्हाताऱ्या बायका हेच करत. ओठ हलत असत, आवाज नसे, आणि हाताने पाय चेपणे चालू असे.

शास्त्र वापरायचेच, तर सगळे वापरावे, अशी माझी तक्रार आहे. सल्ला देणाऱ्यांच्या खिशात नेहमी तीच पाच-सहा वचने असतात. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले, सगळे शेवटी भल्याकडेच जाते अशा आशयाचे वचन त्यांत पहिले. मूल गेलेल्या आईला पहिल्या आठवड्यात ते ऐकवणारी माणसे मी पाहिली आहेत. ते वचन खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते त्या आईने स्वतः, दहा वर्षांनी, वाटले तर म्हणायचे आहे. त्याच बायबलात स्तोत्र ८८ आहे, जे अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळ जोडलेली नाही. ज्यांनी ते पुस्तक जुळवले त्यांना ते खटकले नाही. मग आपल्याला का खटकावे? आणि ईयोब. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसले. तेवढेच त्यांचे समुपदेशन उत्तम होते. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि पुढचे अध्यायच्या अध्याय धर्माला धरून बोलले. गंमत अशी की शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो ती ईयोबाला. सल्लागारांसाठी दुखणाईताने प्रार्थना करायची!

हे सगळे ख्रिस्ती मंडळींचे आहे असे समजून वाचणाऱ्यांनी एवढ्यात सुटलो असे मानू नये. मंडळाच्या पिकनिकला डिप्रेशनची गोळी चालू असल्याचे कुणी चुकून बोलले, तर गीतेचा दुसरा अध्याय, मनाचे श्लोक आणि कुठल्या तरी बापूंचे व्हिडिओ यांची यादी त्याच्या हाती पडायला किती वेळ लागतो? अर्जुनाने सगळे सांगून झाल्यावर, शिष्य म्हणून विचारल्यावर गीता सुरू होते. पहिला अध्याय पूर्ण त्याच्या विषादाचा आहे, आणि तो कृष्णाने ऐकून घेतला आहे. आपण पहिला अध्याय गाळून दुसऱ्यावर येतो.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या पुस्तकाच्या शेजारी ठेवावीत असे मला फार वाटते. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी हे सगळे टिळकांनी चालू ठेवले, त्याची तजवीजही केली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते, हे त्या पुस्तकाच्या वाचकाला सांगायला नको. घरातल्या बारीकसारीक गोष्टींत अत्यंत उतावळा असलेला हा माणूस एवढ्या एका बाबतीत थांबू शकला, हे मला त्यांच्या कवितेइतकेच मोठे वाटते.

रमाबाईंच्या बाबतीतही शेवट सल्ल्याने झाला नाही. साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि तो मिळाला तो भारतात परतल्यावर, एकटीने वाचन करत असताना. आजीबाईंची ती १८८५ सालची पत्रे त्याआधी येऊन गेलेली होती.

तरी जेराल्डीनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ही पत्रे जमवली त्यांनीच. ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांना निरुत्तर केले आहे, ती त्यांच्या हातात होती. चुलीत घालता आली असती. त्यांनी ती ठेवली, क्रमाने लावली, मध्ये मध्ये आपले समर्थनही जोडले, पण रमाबाईंचे म्हणणे जसेच्या तसे राहू दिले. पुस्तक युनिव्हर्सिटीच्या वाचनालयातून आंतरग्रंथालयीन सेवेने मागवता येते. हाती आले की सुरुवातीची प्रस्तावना नंतरसाठी ठेवावी आणि १८८५ च्या वसंतातल्या पत्रांपासून वाचायला घ्यावे: आधी आजीबाईंचे, मग रमाबाईंचे, आणि मग बील बाईंचे.